विद्यार्थ्याचे जागरण

आपल्या समाजात काही दुर्गुण असे आहेत, की ते सद्गुणांच्या पंगतीस बसून जेवतात आणि त्यांना कोणी उठवीत नाही. विद्यार्थ्याचे जागरण हा त्यांपैकी एक होय. नाटकासाठी अथवा पत्त्यांच्या डावासाठी मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत जागला, तर घरात त्याचा उद्धार होतो. तोच मुलगा पुस्तक पुढे घेऊन तितकाच वेळ जागला, तर त्याची आई दूध तापवून आणते, वडील शेजाऱ्यास कौतुकाने सांगतात, आणि धाकट्या भावंडांस त्याचा दाखला दिला जातो. देहास मात्र हा भेद कळत नाही. त्याच्या हिशेबी दोन्ही रात्री सारख्याच गेलेल्या असतात.

चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या झोपेचा प्रश्न अलीकडे वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ मोठ्या गांभीर्याने मांडू लागले आहेत. त्यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दिवा लावून केलेले जागरण हे प्रश्नाचे अर्धेच अंग आहे. दिवा मालवल्यावर जे जागरण होते ते दुसरे अंग होय, आणि तेच अधिक कष्टाचे. पुस्तक मिटलेले असते, घर निजलेले असते, पण मुलगी अंथरुणावर पडून सकाळी चुकलेले एक गणित पुन्हा पुन्हा सोडवीत असते. पंचाण्णव गुण मिळाले ह्याचा आनंद तिला नसतो. पाच कोठे गेले ह्याची रुखरुख असते. आपल्या हातून काहीएक चूक होता कामा नये, झाली तर आपण कवडीमोलाचे ठरू, अशी ही वृत्ती आहे. तिला आम्ही ह्या लेखात ‘निर्दोषतेचा ध्यास’ म्हणू. हा ध्यास आणि ही अनिद्रा ह्यांची जोडी आपल्याकडे केव्हा जमली, हे इतिहासाच्या आधारे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुष्कळांचे उत्तर तयार असते. विद्येसाठी झोप टाकणे ही आपली प्राचीन परंपराच आहे, असे ते सांगतात. अर्जुनास गुडाकेश, म्हणजे निद्रेस जिंकणारा, असे नाव आहे. विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणाऱ्या प्रसिद्ध सुभाषितात कुत्र्यासारखी सावध झोप हे एक लक्षण सांगितले आहे. सुखाची इच्छा असणाऱ्यास विद्या कोठली, हेही वचन सर्वांच्या ओठी आहे. परंतु सुभाषित म्हणजे दिनचर्या नव्हे. ज्या ग्रंथांनी खरोखर दिनचर्या सांगितली, ते काय म्हणतात हे पाहिले तर चित्र पालटते. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य ह्यांना देहाचे तीन उपस्तंभ मानले आहे. निद्रेचे स्थान तेथे अन्नाच्या बरोबरीचे आहे. ब्राह्म मुहूर्तावर उठण्याचा उपदेश आयुर्वेदाने केला हे खरे. पण हा उपदेश ज्या समाजास केला होता तो दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात निजणारा समाज होता. तेलाच्या समईवर घरातील जेवणेखाणे आणि पोथी-भजन आटोपले की दिवा शांत करीत. तेल महाग, उजेड तोकडा, आणि दुसऱ्या दिवशीची कामे सूर्याबरोबर सुरू होणारी. पहाटे उठणारा तो विद्यार्थी रात्रीच्या पहिल्या प्रहरीच निजलेला असे. आज आपण त्याची पहाट घेतली, पण त्याची संध्याकाळ घेतली नाही. मध्यरात्री निजून पहाटे चारास उठणे ही परंपरा कोणत्याही ग्रंथातली नव्हे.

जुन्या पाठशाळेत निर्दोषतेचा आग्रह नव्हता काय? होता, आणि आजच्याहून कडक होता. वेदपाठात एक स्वर चुकलेला गुरूस चालत नसे. संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पायऱ्यांनी एकच मंत्र उलटसुलट म्हणवून घेत; अक्षर इकडचे तिकडे झाले की पुन्हा आरंभापासून. मग ह्या मुलांची झोप त्या आग्रहाने का उडाली नाही? आमच्या मते ह्याचे कारण असे, की पाठशाळेपाशी निर्दोषता होती, पण तारीख नव्हती. एका मुलास घनापर्यंत जाण्यास आठ वर्षे लागली आणि दुसऱ्यास बारा, तर दुसऱ्याचे नाव कोठल्या यादीत खाली छापले जात नसे. चुकले तर उद्या पुन्हा म्हणावयाचे. गुरूचा मार बसे, उपास घडे, आणि ह्या विद्येचे दार बहुसंख्य समाजास व स्त्रियांस बंद होते, हा तिचा मोठा कलंक आहेच. तेव्हा त्या काळाची आरती आम्हांस ओवाळावयाची नाही. परंतु अमुक दिवशी, अमुक तीन तासांत, शेकडो अपरिचितांच्या स्पर्धेत आपले आयुष्य ठरणार आहे, हे ओझे त्या मुलाच्या उशाशी नव्हते.

ते ओझे आले १८५९ साली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ च्या जुलै महिन्यात झाली, आणि दोन वर्षांनी पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा घेण्यात आली. शंभरांहून अधिक मुले बसली. उत्तीर्ण झालेल्यांची संख्या विसा-बाविसांच्या घरात होती. त्यांतच महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली ती चौघांची: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ह्या आकड्यांकडे नीट पाहिले म्हणजे त्या परीक्षेचे स्वरूप ध्यानात येते. भाषा परकी, विषय नवे, परीक्षक बहुधा अपरिचित, आणि एका विषयात घसरलेल्यास पुढील खेपेस सर्व विषयांस बसणे भाग. ह्या दारापलीकडे सरकारी नोकरी, वकिली, समाजातील मान. अलीकडे पुष्कळदा दारिद्र्य. चूक दुरुस्त करण्यास उद्याचा दिवस असे, तो येथे नाहीसा झाला. निर्दोषता आणि तारीख ह्यांची गाठ पडली, आणि त्यांच्या जोडीला अनुक्रम आला. जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) ह्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत मिळविणे हे पुढे पांढरपेशा घरांतील परमोच्च स्वप्न होऊन बसले. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला पहिला क्रमांक आणि ती शिष्यवृत्ती अशी दोन्ही मिळविली, ही गोष्ट त्यांच्या अर्थमंत्रिपदाइतक्याच आदराने घरोघर सांगितली जात आली आहे.

ह्याच सुमारास आणखी एक क्रांती झाली, तिचा इतिहासकार फारसा उल्लेख करीत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेटाचा काचेचा दिवा घरोघर आला आणि मोठ्या शहरांतील रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. मुंबईस ते १८६५ साली लागले. रात्र स्वस्त झाली. परीक्षेने जागण्याचे कारण दिले आणि घासलेटाने जागण्याची सोय केली. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या पुरुषांच्या कथा ह्या काळापासून सर्व हिंदुस्थानभर पसरल्या. बंगालात ती कथा ईश्वरचंद्र विद्यासागरांविषयी सांगतात, मद्रासेकडे न्यायमूर्ती मुथुस्वामी अय्यरांविषयी, आणि आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखल्यांविषयी. तीन प्रांतांत तीन थोर पुरुषांविषयी एकच कथा प्रचलित असली म्हणजे तिच्यात घटनेपेक्षा समाजाच्या इच्छेचा अंश अधिक असण्याचा संभव असतो. कलकत्त्याच्या रस्त्यावर गॅसचा दिवा लागला तो १८५७ साली. तेव्हा विद्यासागरांचे वय छत्तीस वर्षांचे असून ते संस्कृत कॉलेजचे प्रिन्सिपल होते! लहानपणी त्यांनी वाचले असेल ते तेलाच्या मिणमिणत्या दिव्याखाली. कथा खोटी असे आमचे म्हणणे नाही. दारिद्र्यात शिकलेल्या त्या मुलांचे कष्ट खरेच होते. परंतु ती मुले रस्त्यावर गेली ती घरात तेल नव्हते म्हणून. जागरण हा विद्येचा मंत्र आहे म्हणून नव्हे. घरात विजेचे चार दिवे असलेल्या मुलास ती कथा सांगताना आपण तिच्यातील गरिबी गाळतो आणि केवळ जागरण शिल्लक ठेवतो.

ह्या पहिल्या पिढीच्या वाट्यास पुढे काय आले? रानड्यांचे डोळे कॉलेजातील अतोनात वाचनाने बिघडले आणि त्यांचा त्रास त्यांस पुढेही भोवला. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू. ते १८९३ साली त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. रात्री सदरा धुऊन सकाळी तोच अंगात घालून कॉलेजात जाणारे गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, दम्याच्या विकाराने गेले. गोखले १९१५ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. येथे सावधगिरीने बोलले पाहिजे. क्षय, मधुमेह, दमा, साथीचे रोग आणि निकृष्ट आहार ह्यांनी त्या काळी पदवी नसलेली माणसेही तरुणपणीच मरत. भांडारकर त्याच परीक्षांतून गेले आणि अठ्ठ्याऐंशी वर्षे जगले. तेव्हा अमुक पुरुष जागरणाने मेला असा निवाडा कोणत्याही प्रामाणिक इतिहासलेखकास देता येणार नाही. परंतु त्या पिढीस स्वतःस काय वाटले हे मात्र सांगता येते. १८९३ साली हायकोर्टाचे न्यायाधीश झाल्यानंतरच्या काळात रानड्यांनी विद्यापीठाच्या पदवीधरांच्या अकाली मृत्यूचा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि परीक्षांच्या बोजाकडे बोट दाखविले. ज्या माणसास त्या परीक्षांनी सर्व काही दिले होते, जो तिचा सर्वांत यशस्वी विद्यार्थी म्हणून गणला जात होता, त्यानेच हा प्रश्न काढावा, ह्यात त्याचे थोरपण आहे. रानड्यांचे वाचन आपण मुलांस सांगतो. रानड्यांची ही चिंता सांगावयाचे विसरतो.

ध्यासाचे दुसरे एक रूप आनंदीबाई जोशी ह्यांच्या चरित्रात दिसते. १८६५ साली कल्याणास जन्मलेल्या ह्या मुलीचे नवव्या वर्षी लग्न झाले. तिचे पती गोपाळराव ह्यांस पत्नीच्या शिक्षणाचे जे वेड होते, ते त्या काळात असामान्य होते, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. पण त्या वेडापायी त्यांनी आपल्या कोवळ्या पत्नीस अभ्यासात कसूर केल्याबद्दल मारहाण केली, हेही तिच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. इतर नवरे बायकांस स्वयंपाक बिघडला म्हणून मारीत. गोपाळराव पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून मारीत. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. अठराव्या वर्षी, १८८३ साली, ती एकटी अमेरिकेस गेली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून तिने एम.डी. ही पदवी मिळविली. आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने तिचा अंत झाला, तेव्हा तिला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकेवर ती रुजू होऊ शकली नाही. क्षय हा जंतूंचा रोग आहे, गोपाळरावांच्या छडीचा नव्हे. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही: ह्या मुलीने जे अलौकिक यश मिळविले त्यात तिची स्वतःची जिज्ञासा किती, आणि दुसऱ्याच्या अपेक्षेस आपण उणे पडू नये ही धास्ती किती? तिची जिज्ञासा खरी होती, ह्याबद्दल आम्हांस शंका नाही. पण जिज्ञासेला छडीची गरज नव्हती.

हा भेद आधुनिक मानसशास्त्रात आता स्पष्टपणे मांडला गेला आहे. कॅनडातील पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली निर्दोषतेच्या ध्यासाचे तीन प्रकार केले. माणूस स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा करतो, तो पहिला; दुसऱ्यांकडून करतो, तो दुसरा; आणि दुसरे आपल्याकडून ती करीत आहेत असे त्यास वाटते, तो तिसरा. ह्या तिसऱ्या प्रकाराचा संबंध निराशा, चिंता आणि मनस्ताप ह्यांच्याशी अधिक घट्ट आढळतो. अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंड ह्या देशांतील एकेचाळीस हजारांवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ ह्या काळातील उत्तरे टॉमस करन आणि अँड्र्यू हिल ह्यांनी एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढत असल्याचे, आणि त्यांतही तिसरा सर्वांत झपाट्याने वाढत असल्याचे, त्यांना दिसले. ही तपासणी परदेशची आहे. पण तिसऱ्या प्रकारचे वर्णन वाचताना आपल्याकडील वाचकास ती परकी वाटणार नाही.

आता नागपुराकडे वळू. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, आणि उच्च शिक्षण येथे आले ते त्याहूनही वीस वर्षांनी. हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली. पण नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ साली. मधली चार दशके येथील मुलांच्या परीक्षा प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या हाती होत्या. वऱ्हाडातील किंवा भंडाऱ्याकडील मराठी मुलगा नागपुरास खोली घेऊन राहावयाचा आणि त्याचे भवितव्य हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या कलकत्त्याच्या कोणा परीक्षकाच्या लेखणीवर ठरावयाचे. परीक्षक दिसत नसला म्हणजे त्याचे समाधान नेमके कशाने होईल हे कळत नाही. आणि ते कळत नाही म्हणून सर्वच पाठ करावे लागते. घोकंपट्टीस आपण विद्यार्थ्यांचा आळस म्हणतो. तिच्या मुळाशी पुष्कळदा भीती असते. ह्या प्रदेशात आपले विद्यापीठ व्हावे ह्या मागणीला अभिमानाची बाजू होती, तशीच ही सोईची बाजूही होती.

घड्याळाचीही एक कथा आहे. १९०६ च्या जानेवारीपासून हिंदुस्थानासाठी एकच प्रमाणवेळ ठरविण्यात आली. ती साडेब्याऐंशी रेखांशावरील सूर्याची वेळ आहे. नागपूर एकोणऐंशी अंशांच्या किंचित पुढे आहे. म्हणून नागपूरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे चौदा मिनिटे मागे चालतो, आणि मुंबईचा सुमारे एकोणचाळीस मिनिटे. मुंबईकरांनी ह्या वेळेस पुष्कळ वर्षे विरोध केला आणि १९५५ पर्यंत आपली मुंबई टाइम चालू ठेवली. नागपुरात मुलगा सकाळी सातच्या शाळेस पोचतो तेव्हा सूर्याच्या हिशेबी सातास चौदा मिनिटे कमी असतात. पौषात येथे सूर्योदय पावणेसातनंतर होतो. म्हणजे सातच्या शाळेसाठी मुलास साडेपाचास, काळोखात आणि थंडीत उठावे लागते. उन्हाळ्यात उलट: वैशाखातील नागपूरची रात्र निवता निवता मध्यरात्र उलटते, गच्चीवर अंथरूण टाकले तरी अंग तापलेलेच राहते, आणि सर्वांत कठीण प्रवेशपरीक्षा तर नेमक्या ह्याच दिवसांत येतात.

आणि आता त्या परीक्षांचे आकडे पाहावेत. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले; एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात एक लाखाच्या आसपास. त्या वर्षी जूनमध्ये लागलेल्या निकालात सदुसष्ट जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. पुढे वाद होऊन जुलैत सुधारलेला निकाल लागला, त्यात असे सतरा उरले. महाराष्ट्राच्या दहावीच्या २०२५ च्या परीक्षेत २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण पडले. त्यांपैकी लातूर विभागाचे ११३, नागपूर विभागाचे तीन. सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण ह्यांमुळे हे शक्य होते, हे मान्य. तरी १८५९ च्या मुलाची स्थिती आणि ह्या मुलाची स्थिती ह्यांतील अंतर त्यातून कळते. त्या मुलास उत्तीर्ण व्हावयाचे होते. ह्या मुलास शंभरांतून शंभर मिळालेला मुलगा डोळ्यांपुढे दिसतो. पूर्णांक ही पूर्वी कल्पना होती. आता तिला वर्तमानपत्रात छायाचित्र आहे. नव्याण्णव गुण मिळविणाऱ्या मुलीस आपण एका गुणाने कमी पडलो असे वाटावे, ह्यात मग नवल काय?

ह्या मुलांस झोप किती हवी? तेरा ते अठरा वर्षांच्या वयात रोज आठ ते दहा तास, असा अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली निर्वाळा दिला. ह्या वयात आणखी एक बदल होतो, तो पालकांस ठाऊक नसतो. झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन नावाचे द्रव्य शरीरात संध्याकाळनंतर स्रवू लागते. वयात येणाऱ्या मुलांत ते पूर्वीपेक्षा उशिरा स्रवते. अमेरिकेतील मेरी कार्स्केडन ह्या विदुषीने आपल्या संशोधनाने ही गोष्ट पुढे आणली. दहा वर्षांचा मुलगा नऊ वाजता पेंगतो आणि तोच पंधराव्या वर्षी अकरापर्यंत टक्क जागा असतो, हा त्याचा उनाडपणा नसून वयाचा धर्म आहे. अशा मुलास पहाटे साडेपाचास उठविले म्हणजे त्याची झोप दोन्ही टोकांनी कातरली जाते. हातातील मोबाइलचा उजेड आणि त्यावरील गप्पा हे टोक आणखी पुढे ढकलतात. पण सर्व दोष मोबाइलच्या माथी मारून मोकळे होणेही बरे नव्हे, कारण घासलेटाच्या दिव्याच्या काळी तो नव्हता आणि जागरण मात्र होते.

ज्या अभ्यासासाठी ही झोप बळी दिली जाते, तो अभ्यास तरी साधतो काय? १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलेनबाख ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. पाठ केलेली निरर्थक अक्षरे काही तास जागे राहिल्यानंतर किती आठवतात आणि तितकेच तास झोपल्यानंतर किती आठवतात, हे त्यांनी ताडून पाहिले. झोपल्यानंतर अधिक आठवली. पुढील शतकात ह्या विषयावर विपुल काम झाले आणि झोपेत मेंदू दिवसभराचे शिकलेले पक्के करीत असतो, ही गोष्ट प्रस्थापित झाली. शेतकरी बी पेरल्यावर दर घटकेस उकरून पाहत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पाचव्यांदा उजळणी करणारा विद्यार्थी नेमके तेच करीत असतो. निर्दोषतेचा ध्यास झोप घालवितो; गेलेली झोप स्मरण अधू करते; अधू स्मरणाने चुका वाढतात; आणि वाढलेल्या चुका ध्यासास नवे इंधन पुरवितात. हे चक्र एकदा फिरू लागले की हुशार मुलगाच त्यात अधिक सापडतो, कारण चूक त्यालाच अधिक बोचते.

सरकारचे ह्याकडे लक्ष गेलेले नाही असे नाही. राज्यपाल रमेश बैस ह्यांनी २०२३ च्या डिसेंबरात शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली, आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा निर्णय काढला. लहानग्यांची झोप राखली, हे चांगलेच झाले. परंतु वर सांगितलेल्या शास्त्राप्रमाणे पाहता सकाळची झोप ज्यांना सर्वांत अधिक हवी, ते आठवी ते बारावीचे विद्यार्थी ह्या निर्णयाबाहेर राहिले. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा करून वरच्या वर्गांच्या शाळा साडेआठपूर्वी भरू नयेत असे ठरविले आणि २०२२ पासून तो अमलात आणला. दोन पाळ्यांत भरणाऱ्या आपल्या शाळांपुढे इमारतींची अडचण आहे, हे आम्ही जाणतो. पण आज एक अपूर्व विसंगती उभी आहे: सात वर्षांचा मुलगा, ज्याला लवकर उठणे सोपे, तो नऊ वाजता शाळेस जातो, आणि सोळा वर्षांचा, ज्याला ते कठीण, तो सातला.

शासनाच्या हातचे शासन करो; घराच्या हातचे काय? आमच्या मते घराच्या हाती मुख्यतः कथा असतात. मुलांना आपण कोणाची गोष्ट सांगतो, आणि ती कोठे थांबवितो, ह्यावर त्यांच्या मनातील मोठेपणाची प्रतिमा ठरते. धोंडो केशव कर्वे ह्यांची गोष्ट ह्या दृष्टीने फार उपयोगी आहे. १८७५ साली मुरुडहून शंभर मैलांहून अधिक अंतर भर पावसात पायी तुडवून सतरा वर्षांचा हा मुलगा साताऱ्यास परीक्षेसाठी पोचला, आणि तो सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून परीक्षकांनी त्याला बसू दिले नाही. आजच्या भाषेत त्याचे वर्ष फुकट गेले. तो परत फिरला, पुढे मॅट्रिक झाला, १८८४ साली बी.ए. झाला, स्त्रीशिक्षणाचे ज्ञात असलेले सर्व कार्य त्याने त्यानंतर केले, १९५८ साली भारतरत्न झाला आणि १९६२ साली एकशेचार वर्षांचा होऊन निवर्तला. ही गोष्ट आपण पायी चालण्याच्या चिकाटीसाठी सांगतो. ती परत फिरण्यासाठीही सांगितली पाहिजे. बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष परीक्षेची पर्वा न करता तालीम, पोहणे आणि शरीर कमावणे ह्यांत घालविले, आणि १८७६ साली ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले. मंडालेचा तुरुंग सोसणारी प्रकृती त्या वर्षात घडली असे त्यांचे चरित्रकार मानतात. आज एखाद्या मुलाने असे एक वर्ष मागितले, तर आपल्यापैकी किती घरे ते देतील?

निर्दोषतेची हौस वाईट नाही. गवयाने सूर लागेपर्यंत तंबोरा जुळवावा, गणित्याने पुरावा बिनचूक होईपर्यंत झगडावे, ह्यात विद्येची शोभा आहे. जुन्या पाठशाळेनेही निर्दोषताच मागितली, पण तिच्याबरोबर उद्याचा दिवस दिला. १८५९ नंतर आपण निर्दोषता ठेवली आणि उद्याचा दिवस काढून घेतला. तो परत देणे हे परीक्षामंडळांचे, विद्यापीठांचे आणि सरकारचे काम आहेच. परंतु निदान घरापुरता तो आज रात्रीपासून देता येण्यासारखा आहे. निकालाच्या दिवशी गेलेल्या गुणांची चौकशी पहिल्या प्रश्नात करू नये. शेजारच्या मुलाचे गुण जेवणाच्या पाटावर आणू नयेत. एक वर्ष मागे पडले तर कर्व्यांचे नाव आठवावे. आणि अकरा वाजून गेल्यावर मुलाच्या खोलीत दिवा दिसला, तर दुधाचा पेला घेऊन जाणाऱ्या आईने तो पेला त्याच्या हाती जरूर द्यावा, मात्र परत येताना दिवा मालवून यावे.